एअर मार्शलांचा तुळाभार

आई, तुझ्या थोरल्या मुलाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती तुझ्याखेरीज कोणाकडे न्यावी हे मला कळत नाही. तो एअर मार्शल म्हणून निवृत्त होऊन गोव्याला, आपल्या चोपड्याला येणार, ही बातमी पेपरात आल्यापासून मला सकाळचा ऊन पाव मिळालेला नाही. पूर्वी पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत यायचा, दोन उंडे आणि एक पोळी, दोन्ही पावाचेच प्रकार, फाटकावरच्या पिशवीत टाकायचा आणि पुढे जायचा. आता तो सायकल स्टँडवर लावतो, पायरीवर बसतो आणि विचारतो, "बाय, ती कदेल विमानांतल्यान उडटा म्हणटात, ती मागीर सोदून हाडटात काय पगारांतल्यान कापतात?" कदेल म्हणजे वैमानिकाची खुर्ची; ती नंतर शोधून आणतात की पगारातून कापतात, हा त्याचा प्रश्न. मला उत्तर माहीत नसतं, म्हणून मी रोज वेगळं देते. त्यामुळे तो रोज बसतो. तोवर टोपलीतले पाव थंड, आणि पुढच्या वाड्यातल्या बायका आपापल्या फाटकांत कंबरेवर हात ठेवून माझ्या घराकडे बघत उभ्या. लोकांना टोचणारे लेख लिहून मी पोट भरते, पण गावाने माझ्याविरुद्ध एकजूट केली ती एका लेखासाठी नाही, उंड्यासाठी.

ही गैरसोय सोडली तर बातमी चांगली आहे. तो शेवटचा उतरला, आई. सुखरूप उतरला. तू जाऊन आता पंचवीस वर्षं होतील. जाताना देवीला दिलेला एक शब्द तू माझ्या पदरात टाकून गेलीस. मी तेव्हाही सलवार-कमीजच घालत होते, पदर नव्हता, तरी टाकलास. तो कधी पुरा करायचा तेही ठरवून गेलीस: तुझा मुलगा शेवटचं विमान जमिनीला टेकवेल तेव्हा. मधली सगळी वर्षं मला दोनच चिंता होत्या. एक, तो त्या दिवसापर्यंत टिकावा. आणि दुसरी, तो दिवस आला की त्याने नाही म्हणू नये. खरं सांगते, दुसरीची भीती जास्त होती. आकाशात कशालाही न डगमगणारा माणूस गावच्या देवळात, चारचौघांसमोर, तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसेल याची हमी कोण देणार?

तेव्हा शापोरा नदीवर पूल नव्हता, आणि बाबा शिवोलीच्या फेरीबोटीवर सुकाणूला होते. शाळा सुटली की दादा बोटीवर चढायचा आणि कठड्याला रेलून वर बघत राहायचा. दाबोळीहून उडालेली नौदलाची विमानं किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला जायची. बोट धक्क्याला लागे, माणसं उतरत, सायकली उतरत, कोंबड्यांच्या पाट्या उतरत, हा तसाच मान वर करून उभा. बाबा वरून ओरडायचे, "रे, पांय सकयल आसात, सकयल पळय!" सकयल म्हणजे खाली. त्याने पहिल्यांदा घरात सांगितलं की मी पायलट होणार, तेव्हा शेजारचे काका मनापासून म्हणाले, "ताका दिल्लीक कित्याक वचपाक जाय? म्हापशाच्या स्टँडार उबो राव." आपल्याकडे मोटारसायकलवर भाडं मारणारा तोही पायलटच. तू चुलीपुढे बसून बांगडे साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "खंयचोय जांव. पूण जेवल्याबगर वचूं नाका म्हण ताका." कुठला का पायलट होईना, पण जेवून जाऊ दे.

सतराव्या वर्षी तो पुण्याजवळच्या प्रबोधिनीत गेला. तिथून पुढे उडायला शिकायला. एक दिवस पत्र आलं: 'आई, आज मी पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं. माझे शिक्षक उतरले आणि म्हणाले, आता तू एकटा जा.' ते पत्र तू माझ्याकडून तीनदा वाचून घेतलंस. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर कपाळाला आठ्या घालून विचारलंस, "मास्तर देंवले ते खंय? वयर?" मास्तर आकाशातच उतरले असं तुला वाटलं होतं; मी बारा-तेरा वर्षांची, हसून हसून लोळले. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास, आणि मग स्वतःही हसलीस. पुढे आठवडाभर दुधाच्या डेअरीवर तू तेच पत्र सांगत होतीस, पण मास्तरांचा भाग गाळून.

तो पंचवीस वर्षांचा, मी सतरा. वाळवंटातल्या एका तळावरून उडताना त्याच्या इंजिनात पक्षी गेला. समोर वस्ती होती, म्हणून त्याने विमान आधी रेताडाकडे वळवलं आणि मग खुर्चीसकट बाहेर पडला. याला किती वेळ लागला म्हणून मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "तू 'अगो बाय' म्हणतेस ना, तेवढा." तार बाबांना धक्क्यावर मिळाली. बाबांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली, बोट पलीकडे नेली, माणसं उतरवली, तिकडची माणसं घेतली, बोट परत आणली, दोर बांधून घेतला आणि मग घरी आले. तू त्यांच्या तोंडाकडे बघितलंस आणि फक्त विचारलंस, "आसा?" आहे का तो, एवढंच. बाबा म्हणाले, "आसा."

वास्कोहून गाडी धरून आपण तिघं पुण्याच्या लष्करी इस्पितळात पोचलो, त्याला तिथे हलवलं होतं. मला नेलंस ते हिंदी बोलायला. डॉक्टर मोठे सज्जन होते. त्यांनी सांगितलं, मणके दबलेत, शस्त्रक्रिया झालीय, तो चालेल, धावेल, लग्न करेल, सगळं करेल. फक्त त्या खुर्चीत पुन्हा बसू शकणार नाही. हवाई दलात खुर्च्या पुष्कळ असतात, त्याला टेबलामागची एक मिळेल. बाबांनी तिथेच हात जोडले, "देव पावलो." मग डॉक्टर पडद्याआड दादाशी बोलायला गेले. तू आणि मी बाहेर, स्टीलच्या बाकावर. आतून दादाचा आवाज येत होता. तो भांडत नव्हता. विनवण्या करत होता. मी त्याला कधी कोणापुढे असा आवाज काढताना ऐकलं नव्हतं. तू माझं मनगट धरलंस. "कितें म्हणटा तो?" मी सांगितलं, "म्हणतो, दुसरं काही नको, मला परत विमानात बसू द्या." तू मान हलवलीस, त्याने अजून एक डाव भात मागितल्यासारखी. आणि आत गेल्यावर त्याला म्हणालीस, "जेवलो मरे?"

गावी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू देवळात जाऊन आंगवण केलीस. मुलावरून मरण गेलं की आया नवस बोलतातच, त्यात गावाला नवल नव्हतं. नवल कळलं ते फक्त घरात. मी मागच्या दारी भांडी घासत होते, आत बाबांचा आवाज चढला. तू देवीपुढे काय बोललीस ते तू त्यांना सांगितलं होतंस: "बाये, म्हज्या पुताक परत विमानांत बसय. तो शेवटचो सुखरूप देंवलो, की ताच्या भारंभार माडाचें गोड तुका. तोंवर म्हजे जिबेक गोड ना." माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, आटवलेल्या काळ्या गुळाला आपल्याकडे गोडच म्हणतात, मुलाच्या वजनाइतक्या त्या गुळाचा तुळाभार, आणि तोवर तुझ्या जिभेला गूळ वर्ज्य. बाबा म्हणाले, "देवान ताका जिवंत परत दिला आनी तूं ताका परत थंय धाडटा? आवय न्हय तूं, वैरीण!" तू म्हणालीस, "तुमी रोज न्हंयंत वतात. हांवें केन्ना राव म्हणलां?" रोज नदीत जाणाऱ्या बाबांना तू खरंच कधी थांबा म्हटलं नव्हतंस. संध्याकाळी त्यांनी दादाला पत्र लिहिलं, 'तुझ्या आईने तुझ्यासाठी आंगवण केली आहे.' कसली, ते लिहिलं नाही. आणि तू मला दम भरलास: "ताका सांगूं नाका. कळ्ळें जाल्यार तो सांबाळून उडटलो. भियेवन सुकाणू धरलें की बोट आडवी वता, बापायक विचार."

त्या दिवसापासून आपल्या स्वयंपाकघरात माझी जीभ तुझी झाली. गूळ घातल्याशिवाय आपल्याकडे काय होतं? पातोळ्यो, नेवऱ्यो, मणगणं, अगदी खतखत्यातसुद्धा एक खडा. तू करायचीस सगळं, गावात तुझ्यासारखं कोणी करत नसे, पण चाखायला मला हाक. "गो, हांगा यो. पुरो?" मी चाटून सांगायचे, "अजून थोडा." तू घालायचीस. कधी मी खोडसाळपणे गोडमिट्ट करून ठेवायचे आणि तू तेच वाढायचीस, तुला कळायला मार्गच नव्हता. लोक म्हणत, हिच्या हाताला आता जरा जास्तच गोडवा आलाय.

सव्वा वर्ष त्याने पाठीवर मेहनत केली. तिसऱ्यांदा तपासणीला बसला तेव्हा पास झाला, आणि पुन्हा विमानात चढला. पहिल्या रजेवर आला तो ग्वाल्हेरची गजक घेऊन. मोठा डबा, वर निळा कागद, तुझ्यासाठी खास. तू डब्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "दवर थंय." तिथे ठेव, म्हणून. रात्रीपर्यंत तो डबा शेजाऱ्यांत वाटून संपला. पुढच्या रजेत परत गजक, परत "दवर थंय". तिसऱ्या वेळेपासून तो तुझ्यासाठी साड्या आणायला लागला. मला गंमत वाटायची. त्याच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं नाही, हे आज कळतं.

कारगिलच्या दिवसांत सगळा वाडा टीव्हीपुढे. तू एकटी अंगणात मिरच्या वाळत घालत होतीस. मी म्हटलं, "आई, आत ये, विमानं दाखवतायत." तू म्हणालीस, "ताका दाखयतात?" मी म्हटलं, "तसं नाही कळत." "तर मागीर मिरच्यो कोण पळयतलो?" तो त्या डोंगरांवरून किती वेळा गेला ते त्याने कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की वरून शिखर बघताना आपली भात धुवायची रोवळी आठवायची, तेवढंच दिसायचं, आणि त्यातल्या एका दाण्यावर नेम धरायचा असायचा. पदक मिळालं. गावाने धक्क्यापासून घरापर्यंत ढोल वाजवत आणला. तू दारात ओवाळलंस, लिंबलोण केलंस आणि त्याच्या तोंडात पेढा घातलास. त्याने उरलेला अर्धा तुझ्या ओठांपाशी आणला. साखरेचा होता तो, चालला असता. पण तुझी सवय इतकी पक्की की तू मान मागे घेतलीस.

पुढच्याच वर्षी तू गेलीस. शेवटच्या दिवसांत तुझं बोलणं थोडं आणि कामापुरतं उरलं होतं. एका दुपारी माझा हात धरून म्हणालीस, "देवीकडेन उतर आसा म्हजें. तो अजून उडटा. मधीं खंड पडूंक जायना. आतां जीब तुजी." म्हणजे गूळ आता मी सोडायचा. मी सत्तावीस वर्षांची, नुकतंच सदर सुरू झालेलं, नवस-सायासांवर कडक लिहिणारी. पण तुझ्यापुढे मी "हय" म्हटलं.

आता तुझ्यामागची हकीकत. बाबाही तुझ्याकडे आले, ते तुला ठाऊकच आहे. तो विंग कमांडर झाला, स्वतःची स्क्वाड्रन मिळाली. मग ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल. या दलात माणूस जितका वर चढतो तितकी त्याला जमीन जास्त मिळते: मोठं टेबल, मोठा गालिचा, मोठं आवार. तो मात्र दर महिन्याला हट्टाने टेबल सोडून विमानात चढायचा. शेवटी एअर मार्शल झाला, एका अख्ख्या कमांडचा प्रमुख. गावाला समजावताना माझा घसा बसला. मी म्हटलं, सैन्यातला लेफ्टनंट जनरल असतो ना, त्याच्या बरोबरीचा. शेजारच्या काकांनी, ते अजून आहेत, बराच विचार करून विचारलं, "म्हणजे मामलेदारापेक्षां व्हड?" मी म्हटलं, "थोडा." त्याच्याबरोबर काम केलेल्या एका अधिकाऱ्याने मला एक गोष्ट सांगितली, ती तुझ्यासाठी राखून ठेवलीय. अपघातात पाठ दुखावलेल्या एखाद्या तरुण वैमानिकाची फाईल आली की दादा सगळे कागद बाजूला सारून आधी विचारायचा, "त्याला काय हवंय, ते कोणी विचारलं?"

शेवटचं उड्डाण त्याने आपल्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये जाऊन केलं. मागच्या सीटवर तिथला सर्वांत तरुण अधिकारी. मी ते आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बघितलं. पोरांनी त्याच्या अंगावर बादल्या ओतल्या, तो निथळत हसत होता. पण मी बघत होते ती चाकं. चाकं टेकली, धूर निघाला, आणि मी मोठ्याने म्हणाले, "देंवलो!" ओट्यावरची मांजर पळाली.

तयारी मी सहा महिने आधीच सुरू केली होती. कोल्हापुरी गूळ हवा तेवढा मिळतो, एक फोन केला की टेम्पो दारात. पण तू देवीला माडाचा कबूल केला होतास. आता माडावर चढणारे रेंदेर राहिलेत किती? जे आहेत त्यांची सूर थेट दारूला जाते, गूळ आटवत बसतो कोण? मी स्कूटरवरून हरमल, मांद्रे, मोरजी पालथी घातली. दोन किलो इथे, दीड किलो तिथे. एका म्हाताऱ्या रेंदेराने विचारलं, "इतलें गोड कित्याक गो? कारखानो घालता?" मी म्हटलं, "नाही. भावाला तोलायचाय." त्याने चुलीवरच्या काहिलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "मोटो आसा?"

देवळाचे सचिव भेटले तेव्हा माझी खरी परीक्षा झाली. काही वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याने लाडवांनी तुळाभार करवून घेतला होता, आणि मी लिहिलं होतं की देवीला पहिल्यांदाच कळलं, पारड्यात दोन्ही बाजूंना एकच माल असू शकतो. सचिवांनी कपाट उघडून ते कात्रण काढलं. "बाई, हांवें जपून दवरलां हें. आतां कितें, तुमच्या भावाक आमी खंयच्या मालांत धरचो?" मी म्हटलं, "आईची आंगवण आहे." त्यांनी कात्रण परत कपाटात ठेवलं आणि वही काढली. "मंगळवार चलता?"

दादा आला. पंचायतीने सत्कार केला. फलकावर त्याचा फोटो आमदाराच्या फोटोच्या निम्मा, शाली सात, नारळ अकरा, आणि पाऊण तासाच्या मुख्य भाषणात दादाचं नाव दोनदा, त्यात एकदा चुकीचं. दादा उत्तराला उठला आणि चार मिनिटं बोलला. म्हणाला, मी आज जो आहे तो माझ्या बाबांच्या फेरीबोटीवर झालो. त्याने तुझं नाव घेतलं नाही. मला ते टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या स्वयंपाकघरात चहा घेत उभा होता. मी म्हटलं, "दादा, मंगळवारी देवळात यायचंय."

"येतो की. ओटी भरायची?"

"तुझा तुळाभार आहे."

तो हसला. "माझा? मी काय निवडणुकीला उभा आहे?"

"आईची आंगवण आहे."

हसू थांबलं. कप ओट्यावर ठेवत तो म्हणाला, "ती राहू दे बाय. ती आंगवण मी मोडली."

"तू मोडलीस? म्हणजे?"

"बाबांनी पत्रात लिहिलं होतं. तिने आंगवण केलीय, एवढंच; पण मी उडणं सोडावं, याखेरीज कसली असणार? मी सोडलं नाही. म्हणून तिने माझ्या हातचं गोड कधी खाल्लं नाही. पदकाच्या दिवशीसुद्धा." तो खिडकीबाहेर बघत होता. "सगळं मिळालं मला. पण पस्तीस वर्षं शिडी चढून विमानात बसताना एकदा तरी मनात यायचं, की हे आईच्या मनाविरुद्ध आहे."

आई, माझ्या जिभेला भिऊन माणसं रस्ता बदलतात. त्या क्षणी ती पुन्हा तुझी झाली. मग मी तुझं बोलणं त्याला सांगितलं, तू देवीपुढे बोललीस तसं, तुझ्याच बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. इस्पितळातल्या बाकाचं सांगितलं, बाबा काय म्हणाले ते सांगितलं.

"आणि गजक?"

"गजकीत गूळ असतो, दादा."

तो मागच्या दाराने विहिरीकडे गेला. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. ताठ, अगदी परेडवर असल्यासारखा. फक्त एक हात रहाटाच्या खांबावर. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"किती जमवलायस?"

"ऐंशी किलो."

"कमी पडेल," तुझा मुलगा म्हणाला.

मंगळवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चौकात तुळईला मोठा तराजू टांगलेला. दादा पुडवं नेसून, उघड्या अंगाने आला, आणि नमस्काराला वाकला तेव्हा मागच्या बायकांची कुजबुज थांबली. मानेखालून कमरेपर्यंत उतरलेली ती पांढरी रेघ गावाने पहिल्यांदाच बघितली. देवळाचा घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला, तुझ्या नावाने हाक दिली, आणि चौकभर "व्हय म्हाराजा" घुमलं. दादा पारड्यात बसला. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढल्या, काळ्या, चमकणाऱ्या, सहा महिन्यांच्या माझ्या वणवणीच्या. शेवटची ढेप ठेवली. पारडं जागचं हललं नाही.

"शेवटच्या तपासणीत वजन कितें?" सचिवांनी विचारलं.

"एकोणऐंशी."

"तो सरकारी काटो."

मग महाजनांत वाद लागला. एक म्हणाले, आंगवण केली तेव्हा हा पंचावन्न किलोचा पोरगा होता, देवीचं येणं तेवढंच, उरलेला गूळ परत न्या. दुसरे म्हणाले, असं कसं, बोली भारंभार झालीय, आणि भार तर हा समोर बसलाय. तिसरे कौल लावूया म्हणाले. दादा पारड्यात मांडी घालून, साखळी धरून, दोन्ही बाजू शांतपणे ऐकत होता. अशा पुष्कळ बैठका त्याने काढल्या असतील. शेवटी म्हणाला, "पंचावन्न किलो मी पडलो तेव्हा होतो. त्यानंतरचा प्रत्येक किलो तिने राखला म्हणून आहे. पुरा तोला."

पुराणात अशा वेळी तुळशीचं एक पान पुरतं. आमच्या चोपड्यात पावणेचार किलो लागले. आधी एक बाई उठली, "म्हज्या घरांत अर्दी ढेप आसा." मग दुसरी, मग तिसरी. त्याच त्या, माझ्या फाटकाकडे बघून दात खाणाऱ्या. पदर खोचून घरी गेल्या आणि कुणी डब्यातून, कुणी केळीच्या पानात, कुणी नुसत्या मुठीत घेऊन आल्या. प्रत्येकीने आपापला तुकडा स्वतःच्या हाताने ठेवला. कोणत्या तुकड्याला ते झालं, यावर आज गावात तीन दावे आहेत. पण पारडं करकरलं, आणि दादा उचलला गेला. चार बोटं, मग वीतभर. खाली चौघुडा सुरू झाला, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आणि तो वर, दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंडभर हसू. त्याच्या उड्डाणाचे फोटो मी पेपरात खूप बघितलेत. हे सगळ्यांत कमी उंचीचं होतं आणि सगळ्यांत चांगलं.

मग गूळ फोडून प्रसाद वाटला. दादा स्वतः ताट घेऊन फिरला. पहिला खडा घाड्याला, मग त्या बायकांना, मग सचिवांना. सचिवांनी खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आतां बरयात पळोवया." आता लिहा बघू, म्हणे. दादा माझ्यापाशी आला. "घे गो बाय."

मी हात जोडले. "नको. मी गूळ खात नाही."

"कधीपासून?"

"आजपासून."

त्याला वाटलं, माझी नेहमीची थट्टा. हसला आणि पुढे गेला. मी त्याला काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. हे पत्रही टाकायला पेटी नाही; लिहून झालं की घडी करून माझ्याच कागदांत राहील, म्हणून तुला सांगून टाकते. तू माझ्यावर जीभ सोपवलीस, मी "हय" म्हटलं, आणि मी फक्त तेरा दिवस टिकले. तुझ्या तेराव्यालाच आत्याने पानात मणगणं वाढलं. चांगलं झालं नव्हतं, तुझ्यासारखं तर मुळीच नाही. पण मी रडत होते, भूक लागली होती, आणि मी खाल्लं. नंतरच्या वर्षांत किती खाल्लं ते विचारू नकोस. तेव्हा पडलेला खंड आता भरायला घेतलाय, आणि किती वर्षं ते तू ठरव. आणि त्या दिवशी वाटी एक नव्हती, आई. दुसरी मी मागून घेतली.